कडेने उजळणारी पारदर्शक काच: प्रकाश विखुरणारा लिक्विड क्रिस्टल कोणता निवडावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. केबिनच्या काचांना लावतात ती, स्विच दाबल्यावर दुधाळची पारदर्शक होणारी पीडीएलसी फिल्म तुम्ही आणली. तिच्या पारदर्शक इलेक्ट्रोडवर अक्षरांचे आकार कोरले, फिल्म दोन काचांमध्ये बसवली आणि काचेच्या कडेला एलईडीची पट्टी लावली. अक्षरांचा भाग सोडून बाकी सगळ्या फिल्मला व्होल्टेज दिलं. अपेक्षा अशी होती की अक्षरं उजळतील आणि उरलेली काच नुसती काच दिसेल. प्रत्यक्षात सगळी काचच उजळली आणि अक्षरं त्यात बुडाली. आता तुम्ही विचारताय की फिल्म हलक्या दर्जाची आहे, एलईडी चुकीचे आहेत, की पदार्थच बदलायला हवा.

पदार्थच बदलायला हवा. फिल्ममध्ये काही खोट नसावी. ती ज्या कामासाठी बनली ते काम ती नीट करते. पण कडेने उजेड देण्याच्या कामाला ती मुळातच योग्य नाही. अशा सेलवर, म्हणजे दोन काचांमध्ये लिक्विड क्रिस्टल भरलेल्या नमुन्यांवर, मी बरीच वर्षं काम केलं आहे आणि जवळजवळ प्रत्येक नवा माणूस इथेच अडतो, म्हणून कारण आकड्यांसह सांगतो.

लिक्विड क्रिस्टलचे रेणू लांबट असतात. रेणूच्या लांबीच्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला एक अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती मंद करतो आणि वळवतो याचा आकडा) जाणवतो, आडव्या कंपनाला दुसरा. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ई-७ या मिश्रणात हे आकडे साधारण १.७५ आणि १.५२ आहेत. पीडीएलसी फिल्ममध्ये या द्रवाचे मायक्रॉनभर आकाराचे थेंब पॉलिमरमध्ये कोंडलेले असतात आणि त्या पॉलिमरचा अपवर्तनांक मुद्दाम १.५२ च्या आसपास निवडलेला असतो. व्होल्टेज नसताना प्रत्येक थेंबातल्या रेणूंचं तोंड वेगळीकडे असतं. प्रकाशाला वाटेत सरासरी १.६० च्या आसपासचे, पण एकमेकांशी न जुळणारे असंख्य गोळे लागतात आणि तो सैरावैरा विखुरतो. व्होल्टेज दिलं की रेणू फिल्मला काटकोनात उभे राहतात. मग समोरून येणाऱ्या प्रकाशाला थेंबातही १.५२ आणि पॉलिमरमध्येही १.५२ असाच अनुभव येतो. सीमा पुसल्या जातात, काच स्वच्छ दिसते.

या सगळ्या हिशेबात ‘समोरून’ हा शब्द कळीचा आहे. प्रकाश तिरका आला तर त्याच्या एका ध्रुवणाच्या, म्हणजे एका ठरावीक दिशेतल्या, कंपनाचा काही भाग उभ्या रेणूंच्या लांबीच्या दिशेत पडतो आणि त्याला १.५२ पेक्षा मोठा अपवर्तनांक जाणवू लागतो. पॉलिमरला दिशा नसल्यामुळे तिथे मात्र १.५२ च राहतो. बाहेरून ६० अंशांच्या कोनात पाहिलं तर काचेच्या आत प्रकाश सुमारे ३५ अंशांनी जातो आणि ई-७ साठी परिणामी अपवर्तनांक १.५८ च्या थोडा वर निघतो. म्हणजे पॉलिमरपासूनचा फरक ०.०६. दुधाळ अवस्थेतला सरासरी फरक ०.०८ होता! केबिनच्या ‘पारदर्शक’ काचेकडे बाजूने पाहिलं की ती धुकं धरल्यासारखी दिसते ती याचमुळे.

आता कडेच्या एलईडीचा विचार करा. काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला तर क्रांतिक कोन ४१ अंशांचा, म्हणजे लंबापासून याहून तिरका प्रकाश काचेबाहेर पडूच शकत नाही. कडेच्या सपाट बाजूतून आत शिरलेला प्रकाश काचेच्या पृष्ठभागाच्या लंबाशी ४९ ते ९० अंशांचा कोन करूनच धावतो. त्यामुळे तो दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण आंतरिक परावर्तन होत काचेतच कोंडून राहतो. ही रचना सुंदर आहे, कारण कुणी अडवेपर्यंत तो प्रकाश पाहणाऱ्याला दिसतच नाही. पण तोच प्रकाश तुमच्या फिल्मकडे ६० अंशांनी आला, तर उभ्या रेणूंतून जाताना त्याला १.६८ इतका अपवर्तनांक जाणवतो. फरक ०.१६. तुम्ही समोर उभे राहून ज्या फिल्मला पारदर्शक म्हणता ती कडेच्या प्रकाशाला दुधाळच दिसते. म्हणून सगळी काच उजळली. जास्त चांगली फिल्म आणली, व्होल्टेज वाढवलं, एलईडी बदलले, तरी ही भूमिती बदलत नाही.

आणि यातूनच या क्षेत्रातली माझी एकच ठाम सूचना निघते: विखुरणारा पदार्थ निवडताना तो किती छान विखुरतो हे आधी पाहू नका. विखुरणं सोपं आहे. तो न विखुरण्याच्या अवस्थेत सगळ्या कोनांतून किती स्वच्छ राहतो ते पाहा.

थोडा इतिहास सांगतो, कारण आजचे पर्याय त्यातूनच कळतात. लिक्विड क्रिस्टलचा पहिला डिस्प्ले विखुरण्यावरच चालत होता. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली तो जगासमोर ठेवला. विजेच्या प्रवाहाने आयन हलतात, द्रवात खळबळ माजते आणि स्वच्छ थर पांढरा होतो. त्याला प्रवाह लागायचा, व्होल्टेज जास्त लागायचं आणि आयनांच्या वाहण्यामुळे द्रव हळूहळू खराब व्हायचा. १९७० नंतर पीळ दिलेल्या नेमॅटिक (रेणू एका दिशेने रांगेत असलेल्या) थराची पद्धत आली, तिने पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचं कंपन जाऊ देणारी पट्टी, वापरून फारच कमी व्होल्टेजवर काळं-पांढरं करून दाखवलं आणि विखुरणारे डिस्प्ले मागे पडले. पुढे १९८० च्या दशकात जेम्स फर्गसन यांनी लिक्विड क्रिस्टलचे थेंब पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये घोटून फिल्म बनवली. केंट स्टेट विद्यापीठात विल्यम डोएन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकजीव मिश्रणातून पॉलिमर घट्ट होताना थेंब आपोआप वेगळे होतात ती पद्धत मांडली. आजची स्मार्ट फिल्म या दोन वाटांचीच संतती.

पोलरायझरकडून पुन्हा विखुरण्याकडे वळायचं कारण पारदर्शकता. साध्या एलसीडीत पहिला पोलरायझरच निम्म्याहून जास्त प्रकाश खातो आणि रंगीत फिल्टर उरलेल्यातला साधारण दोन तृतीयांश. अशा पॅनेलच्या मागचा दिवा काढून त्याला पारदर्शक म्हटलं, तरी ती गडद चष्म्यासारखी काच होते. विखुरणाऱ्या डिस्प्लेला पोलरायझरही नको आणि फिल्टरही नको. जपान डिस्प्ले कंपनीने २०१७ साली जाहीर केलेल्या ४ इंची रंगीत पॅनेलची पारदर्शकता ८० टक्के होती, ती या दोन्ही गोष्टी काढून टाकल्यामुळेच. नुसत्या काचेच्या दोन बाहेरच्या पृष्ठभागांवरूनच सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, हे लक्षात घेतलं की ८० चा अर्थ कळेल.

तर मग कोणता पदार्थ? तुमच्या कामाला उलट्या चालीचा, म्हणजे व्होल्टेज नसताना स्वच्छ आणि दिल्यावर विखुरणारा पदार्थ हवा, आणि त्यातही पॉलिमरच्या जाळ्याने स्थिर केलेला. व्यवहारात त्याला पीएनएलसी (पॉलिमर नेटवर्क लिक्विड क्रिस्टल) म्हणतात. यात थेंब नसतात. लिक्विड क्रिस्टल सलग पसरलेला असतो आणि त्यातून पॉलिमरचं विरळ जाळं गेलेलं असतं. वजनाने ३ ते ६ टक्के मोनोमर (जोडले जाऊन पॉलिमर होणारे सुटे रेणू) बहुतेक वेळा पुरतो. हा मोनोमर साधा नसतो, तो स्वतःच लिक्विड क्रिस्टलसारखा लांबट रेणू असतो. आरएम-२५७ हा सगळ्यांच्या ओळखीचा. दोन्ही काचांवर पॉलिइमाइड या पॉलिमरचा थर देऊन तो एका दिशेने घासलेला असतो. त्यामुळे सगळे रेणू, मोनोमरसकट, त्या दिशेने शिस्तीत आडवे पडतात. त्याच शिस्तीत असताना अतिनील प्रकाश दिला की मोनोमर जोडले जाऊन जाळं होतं आणि त्या जाळ्याला मूळ दिशा कायमची लागते.

याचा फायदा नीट समजून घ्या. इथे जाळ्यालाही दोन अपवर्तनांक आहेत, ते द्रवाच्या दोन अपवर्तनांकांच्या जवळ आहेत आणि दोघांची दिशा एकच आहे. म्हणून प्रकाश समोरून येवो, तिरका येवो वा कडेने येवो, त्याला जाळं आणि द्रव सारखेच वाटतात. पीडीएलसीत ही जुळणी फक्त एका दिशेने साधते, इथे सगळ्या दिशांनी. कडेचा प्रकाश विनाअडथळा काचेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो. एखाद्या पिक्सेलला व्होल्टेज दिलं की द्रवातले रेणू उभे राहू पाहतात, जाळं आणि त्याला चिकटलेले रेणू मात्र जागचे हलत नाहीत. मायक्रॉनहून लहान अंतरावर दिशा बदलते, अपवर्तनांकाची खडबड तयार होते आणि तेवढाच भाग उजळतो. शिवाय वीज गेली की काच स्वच्छ राहते. पीडीएलसीची काच वीज गेली की दुधाळ होते, आणि दारात किंवा वाहनात बसवलेल्या काचेच्या बाबतीत ही गोष्ट मुळीच लहान नाही.

आडव्या मांडणीत एक बारकावा आहे, तो लक्षात न घेतल्यामुळे चांगले सेल टाकून दिलेले मी पाहिले आहेत. घासण्याच्या दिशेलाच समांतर प्रकाश सोडला, तर त्यातल्या एका ध्रुवणाचं कंपन रेणूंच्या लांबीला कायम काटकोनातच राहतं. रेणू पडलेले असोत की उभे, त्याला १.५२ च जाणवतो आणि तो प्रकाश वायाच जातो. त्याऐवजी प्रकाश घासण्याच्या दिशेला काटकोनात सोडला, तर दोन्ही ध्रुवणांना बदल जाणवतो. दुसरं असं की जाळ्याचे धागे घासण्याच्या दिशेने लांबट असतात आणि लांबट धागा प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीला काटकोनात असलेल्या प्रतलात फेकतो. काटकोनातून आलेला प्रकाश त्यामुळे काचेबाहेर, पाहणाऱ्याकडे जातो. समांतर आलेला बराचसा काचेतच पुढे सरकतो. तोच सेल ९० अंशांनी फिरवून दोन्ही वेळा मोजा. एलईडीची बाजू ही पदार्थाच्या निवडीचाच भाग आहे.

उभ्या मांडणीचाही पर्याय आहे. रेणू मुळात उभे, जाळंही उभं आणि द्रव असा की विद्युत क्षेत्रात तो आडवा होतो. रेणू कुठल्याही बाजूला पडू शकतात, म्हणून दोन्ही ध्रुवणं विखुरतात आणि दिशेचं बंधन राहत नाही. कागदावर हा सरस वाटतो. पण अशा द्रवांत आयनांची अशुद्धी सहज शिरते आणि टीएफटीवर (प्रत्येक पिक्सेलमागच्या काचेवरच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर) चालवताना त्याचा त्रास होतो. पहिल्या नमुन्यासाठी मी आडवी मांडणीच घेईन. कोलेस्टेरिक जातीचे, पीळदार रेणूरचनेचे विखुरणारे पदार्थही आहेत. त्यांपैकी काही व्होल्टेज काढल्यावरही अवस्था टिकवून धरतात, जे सावकाश बदलणाऱ्या फलकांना छान. पण कडेच्या उजेडावर वेगाने बदलणारं चित्र हवं असेल तर ती वाट तुमची नव्हे.

जाळं किती घट्ट असावं, यावर तुमचा बहुतेक वेळ जाईल. धाग्यांमधलं अंतर कमी केलं की तीन गोष्टी एकदम होतात: रेणू झटकन जागेवर परततात, व्होल्टेज वाढतं आणि प्रकाश मोठ्या कोनांत विखुरतो. पहिली आणि तिसरी हव्याच. कडेच्या प्रकाशाला ४९ ते ९० अंशांवरून ४१ च्या आत वळवायचं असतं, आणि थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत यायचं तर त्याहून खूप जास्त. मोठे थेंब किंवा विरळ जाळं प्रकाशाला दहा-बारा अंशच वळवतं. समोरून पाहिलं तर असा थर दाट पांढरा वाटतो, पण कडेने उजळवला तर निस्तेज, कारण वळलेला प्रकाश पुन्हा काचेतच अडकतो. माझ्या अनुभवात नवशिक्यांची दुसरी मोठी फसगत हीच: समोरून धूसरपणा मोजून पदार्थ निवडतात आणि कडेच्या उजेडात तो पडतो.

व्होल्टेजची मर्यादा कुठून येते ते सांगतो. केबिनची फिल्म १५-२० मायक्रॉन जाड आणि ५०-६० व्होल्ट एसीवर चालणारी असते, आणि थेट स्विचवर चालवायला ते ठीकच आहे. पण हजारो पिक्सेल हवे असतील तर प्रत्येकाला टीएफटी हवा, आणि डिस्प्लेचे नेहमीचे टीएफटी व त्यांची चालक चिप इतकं व्होल्टेज देत नाहीत. तिथे काम १५ व्होल्टच्या आसपास भागवावं लागतं. म्हणून थर ५-६ मायक्रॉनवर आणायचा, जास्त द्विअपवर्तन (दोन अपवर्तनांकांतला फरक) असलेला द्रव घ्यायचा आणि मोनोमर मोजून टाकायचा. टीएफटी टाळून नुसत्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या इलेक्ट्रोडने पिक्सेल चालवता येतील का, असं तुम्हाला वाटलं असेल. त्यासाठी पदार्थाचा प्रतिसाद एका ठरावीक व्होल्टेजला एकदम चढावा लागतो. विखुरणाऱ्या पदार्थांचा आलेख सावकाश चढतो, म्हणून शेजारचे पिक्सेलही अर्धवट उजळतात. तुमच्यासारखी ठरलेली अक्षरं आणि चिन्हं असतील तर प्रत्येक आकाराला स्वतंत्र तार द्या, टीएफटीची गरजच नाही. डीसी मात्र कधीही देऊ नका. आयन एका बाजूला जमतात, आतलं क्षेत्र घटतं आणि काही दिवसांत इलेक्ट्रोडपाशी द्रव बिघडतो.

टीएफटीवर गेलात तर आणखी एक अडचण भेटेल. पिक्सेलला क्षणभर व्होल्टेज मिळतं आणि पुढची फेरी येईपर्यंत ते त्याने धरून ठेवायचं असतं. अतिनील प्रकाशाने जाळं तयार करताना वापरलेल्या प्रारंभकाचे (प्रकाश पडताच मोनोमरची जोडणी सुरू करणाऱ्या रसायनाचे) अवशेष, अर्धवट राहिलेला मोनोमर, सीलच्या गोंदातून झिरपलेले घटक हे सगळे आयन पुरवतात आणि व्होल्टेज गळतं. म्हणून प्रारंभक अगदी थोडा टाकायचा आणि मोनोमर पूर्ण संपेपर्यंत, कमी तीव्रतेत का होईना, प्रकाश देत राहायचं.

जाळं घडवण्याच्या या टप्प्याबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एकदा आमचे सेल तयार होतानाच धूसर निघू लागले. व्होल्टेज न देता हलकं दूध घातल्यासारखे. मोनोमरचं प्रमाण बदललं, घासण्याचा रोलर बदलला, द्रवाची नवी बाटली उघडली, तीन आठवडे गेले. शेवटी काचेवर तापमापक चिकटवला तेव्हा कळलं की अतिनील दिव्याच्या उष्णतेने सेल ६० अंश सेल्सिअसच्या वर जात होता. ई-७ साधारण त्याच तापमानाला आपली शिस्त सोडून साधा द्रव होतो. म्हणजे रेणूंना दिशाच नसताना जाळं घडत होतं, आणि थंड झाल्यावर ते दिशाहीन जाळं कायमचं आड येत होतं. दिव्यापुढे उष्णता अडवणारा फिल्टर आणि सेलखाली थंड पाट ठेवला, आणि पहिल्याच दिवशी सेल स्वच्छ निघाले. तेव्हापासून मी दिव्याखालचं काचेचं तापमान प्रत्येक वेळी वहीत लिहितो. मिश्रण मात्र गरम, साध्या द्रवाच्या अवस्थेतच सेलमध्ये भरा, नाहीतर वाहण्याच्या रेषा उमटतात; मग सावकाश थंड करा, एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये धरून मांडणी एकसारखी आहे का ते पाहा, आणि मगच दिवा लावा.

आता काचेबद्दल, कारण पदार्थ बरोबर असूनही चित्र इथे बिघडतं. काचेत कोंडलेला प्रकाश पृष्ठभागावरच्या प्रत्येक गोष्टीवर उजळतो: बोटांचे ठसे, धूळ, ओरखडे, चिकटवलेलं लेबल. म्हणून बाहेरून दुसरी काच हवीच आणि मध्ये हवेची फट किंवा कमी अपवर्तनांकाचा थर हवा. १.४१ अपवर्तनांकाच्या सिलिकोनने चिकटवली तर आतल्या काचेचा क्रांतिक कोन ४१ वरून सुमारे ६८ अंशांवर जातो. त्यामुळे ४९ ते ६८ अंशांमधला प्रकाश बाहेरच्या काचेत शिरतो आणि तिच्यावरचे ठसे पुन्हा उजळतात. हवेची फट प्रकाशाच्या दृष्टीने उत्तम, पण दोन जास्तीचे परावर्तक पृष्ठभाग आणते, म्हणून त्यांवर परावर्तनरोधक लेप लागतो. यात निवड तुम्हालाच करावी लागेल. घरातल्या शांत फलकाला मी फट देईन, हाताळल्या जाणाऱ्या वस्तूला कमी अपवर्तनांकाचा थर.

दुसरी गोष्ट एकसारख्या उजेडाची. एलईडीजवळचं अक्षर प्रकाश खातं, त्याच्या मागच्या अक्षराला उरलेला मिळतो. मोठं पांढरं चौकोन उजळवलं की त्याच्यापुढची ओळ मंद पडते, आणि चौकोन मिटला की ती पुन्हा झळाळते. दोन समोरासमोरच्या कडांनी प्रकाश दिला की फरक बराच घटतो. उरलेला चित्रावर अवलंबून असतो, म्हणून प्रत्येक पिक्सेलपर्यंत किती प्रकाश पोहोचेल याचा हिशेब करून व्होल्टेज बदलावं लागतं. मोजक्या चिन्हांसाठी हे तक्ता करून भागतं. प्रत्येक पिक्सेलने फार जोराने विखुरूही नये. थोडा थोडा प्रकाश काढणारा पदार्थ मोठ्या काचेवर जास्त चांगलं चित्र देतो.

रंगांचं गणित वेगाचं आहे. फिल्टर नसल्यामुळे लाल, हिरवा, निळा एलईडी पाळीपाळीने लावतात आणि डोळा ते मिसळतो. सेकंदाला ६० चित्रं तर १८० भाग, प्रत्येकाला ५.६ मिलिसेकंद. त्यातच पिक्सेलना माहिती द्यायची, रेणू हलू द्यायचे आणि मग एलईडी लावायचा. रेणूंनी मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांत काम संपवलं तरच हे जमतं, आणि घट्ट जाळ्याचं महत्त्व इथे पुन्हा दिसतं. निळा प्रकाश लालपेक्षा जास्त विखुरतो, म्हणून तीन एलईडींची तीव्रता सेलवर मोजूनच जुळवा.

एका गोष्टीबद्दल मन आधीच तयार ठेवा: या डिस्प्लेवर काळा रंग नसतो. न उजळलेला पिक्सेल म्हणजे मागचं दृश्य. मागे पांढरी भिंत २०० कँडेला प्रति चौरस मीटर उजेडाची असेल आणि तुमचं अक्षरही तेवढाच उजेड टाकत असेल, तर अक्षर भिंतीच्या फक्त दुप्पट उजळ दिसेल. मागे अंधारी जागा असेल तर तेच अक्षर लख्ख. शिवाय प्रकाश दोन्ही बाजूंनी निघतो, म्हणून मागून अक्षरं उलटी दिसतात आणि निम्म्याच्या आसपास प्रकाश तिकडे जातो. काच कुठे बसणार हे आधी ठरवा, मग एलईडी किती लागतील ते ठरेल.

मोजमापाबद्दल एक कळकळीची विनंती. विक्रेत्यांच्या तक्त्यात हेझचा आकडा असतो. त्याचा अर्थ, आरपार गेलेल्या प्रकाशापैकी २.५ अंशांपेक्षा जास्त वळलेला हिस्सा, आणि तोही सरळ समोरून मोजलेला. त्यात तिरक्या कोनाची कहाणी येत नाही. आणि प्रात्यक्षिकात कोणी छापील कागदावर नमुना ठेवून ‘पाहा, किती स्वच्छ’ म्हणालं, तर तो कागद हातभर मागे धरायला सांगा. धूसर थर मजकुराला टेकलेला असला की अक्षरं स्पष्टच दिसतात. अंतर वाढलं की खरी अवस्था कळते. मी प्रत्येक सेल तीन प्रकारे पाहतो: हातभर मागे बारीक मजकूर ठेवून समोरून, तोच ६० अंशांतून, आणि अंधाऱ्या खोलीत कडेचा एलईडी लावून व्होल्टेजशिवाय. तिसऱ्या चाचणीत काच काळी राहिली पाहिजे. तुमचा पहिला नमुना व्होल्टेज देऊन पारदर्शक केलेल्या अवस्थेतही याच चाचणीत पडला.

उन्हात किंवा वाहनात जाणार असेल तर ई-७ वर थांबू नका, तो फक्त शिकण्यासाठी. ९० अंशांच्या वर शिस्त टिकवणारी मिश्रणं मिळतात. थंडीत मात्र द्रव घट्ट होऊन वेग घटतो आणि रंगांची पाळी चुकते, त्यामुळे थंड जागी एकरंगी चित्रावर समाधान मानावं लागू शकतं.

आणलेली फिल्म फेकू नका. तिच्यावर मागून प्रोजेक्टर टाकला तर ती सुरेख पडदा होते, कारण तिथे दुधाळ अवस्थाच कामाची आणि प्रकाश समोरासमोरचा. तुमच्या अक्षरांसाठी मात्र मी असं करीन: आयटीओचा (पारदर्शक इलेक्ट्रोडचा) लेप असलेल्या दोन काचा, त्यांतल्या एकीवर अक्षरं कोरलेली. पॉलिइमाइड देऊन दोन्ही समांतर पण उलट दिशांनी घासलेल्या. मध्ये ६ मायक्रॉनची फट. ई-७ मध्ये ४ टक्के आरएम-२५७ आणि अगदी थोडा प्रारंभक. ३६५ नॅनोमीटरचा दिवा, काचेचं तापमान ३० अंशांच्या आत. एलईडी घासण्याच्या दिशेला काटकोनात प्रकाश टाकतील अशा कडेला. आधी अक्षरांऐवजी एकच मोठा चौकोन करा, टीएफटी आणि रंग दूर ठेवा. व्होल्टेज न देता अंधारात काच काळी राहिली, आणि २० व्होल्टच्या आत चौकोन उजळला, की मोनोमर ३ आणि ५ टक्क्यांचे आणखी दोन सेल करून तिघांची तुलना करा. सेल काळा राहिला नाही तर आधी तापमानाची वही उघडा, मग घासण्याची दिशा तपासा, आणि रसायनाला सर्वांत शेवटी हात लावा.